मुक्या फोनला कंठ कसा फुटतो?

व्याख्यानमालेच्या मंडपात बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात वा पिशवीत आज एक फोन असतो, आणि अध्यक्षांनी आरंभीच विनंती करूनही विषय ऐन रंगात आला असता तो कोठेतरी वाजतोच. वाजला की आपण त्रासतो. पण तो वाजतो तरी कसा, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. न वाजणारा फोन हाती आला म्हणजे मात्र हा प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर उरत नाही. आमच्यावर तसा प्रसंग आला, आणि आजच्या विषयाचे मूळ त्या प्रसंगात आहे.

घरच्या कपाटात काही वर्षांचा जुना एक फोन पडून होता. काच शाबूत, बॅटरी बरी. परंतु तो बनविणाऱ्या कंपनीने त्यासाठी नव्या सुधारणा पाठविणे बंद केले होते आणि बँकेचे ॲप त्यावर चालेनासे झाले होते. धडधाकट वस्तू भंगारात द्यायला मन होईना, म्हणून आम्ही तिच्यावर लिनक्स ही खुली प्रणाली चढविली. पडदा उजळला, अक्षरे उमटली, बोटाचा स्पर्श कळू लागला, वाय-फायही जोडले गेले. मग एक गाणे लावले. पडद्यावर गाण्याची रेघ पुढे सरकते आहे, सेकंद मोजले जात आहेत, आणि आवाजाचा पत्ता नाही! स्पीकर बिघडला म्हणावे, तर जुनी प्रणाली परत चढविताच तोच स्पीकर खणखणीत वाजू लागला. म्हणजे कंठ शाबूत होता. कंठाला आज्ञा देणारा कोणी नव्हता. या आज्ञा देणाऱ्याला संगणकाच्या परिभाषेत ‘ड्रायव्हर’ म्हणतात. हा मोटारीत बसणारा ड्रायव्हर नव्हे. प्रणाली आणि एखादी चिप यांच्यामध्ये उभा राहून एकीचे म्हणणे दुसरीला समजावून देणारा तो कार्यक्रम, एक प्रकारचा दुभाषीच होय.

असा दुभाषी कसा घडवितात, आणि तो बंद दाराआड न घडविता उघड्यावर, अनेकांच्या हातांनी घडविण्यात कोणाचे हित आहे, हे सांगण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम आवाजाचा विचार करू. आपण बोलतो तेव्हा हवा हलते. मायक्रोफोन त्या हालचालीचे विजेच्या कमीजास्त दाबात रूपांतर करतो. पण फोनच्या प्रोसेसरला केवळ आकडे कळतात. म्हणून तो दाब सेकंदाला हजारो वेळा मोजून त्याचे आकडे करतात. माणसाच्या कानाला साधारण सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा स्वर ऐकू येतो, आणि एखादा स्वर आकड्यांत टिकवावयाचा तर त्याच्या कंपनांच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी करावी लागते, असे गणित आहे. म्हणूनच संगीताच्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मोजण्या ठरल्या, आणि फोनमध्ये बहुधा ४८,००० असतात. प्रत्येक मोजणी १६ द्विमान अंकांची, म्हणजे बिटांची, आणि डावा-उजवा मिळून दोन कान. तेव्हा एका सेकंदाच्या गाण्यासाठी १५,३६,००० बिट इकडून तिकडे न्यावे लागतात, तेही अचूक तालात. एखादा बिट उशिरा आला तर चित्र पाहणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. कान मात्र मोठा चोखंदळ आहे.

विजेच्या दाबाचे आकडे करणारी आणि आकड्यांचा पुन्हा दाब करणारी जी चिप असते तिला ‘कोडेक’ म्हणतात. तिच्या पोटात या दोन रूपांतरांखेरीज अनेक लहान लहान स्विच, आवाज मिसळणारे भाग आणि आवाज वाढविणारे भाग असतात. तिच्याकडे दोन वेगळ्या वाटा जातात. एका वाटेने आवाजाचे आकडे धावतात. तिच्यात ठेका धरणारी एक तार, डावा की उजवा हे सांगणारी दुसरी आणि प्रत्यक्ष आकडे नेणारी तिसरी. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने १९८६ साली हा संकेत मांडला आणि तो आय-टू-एस या नावाने आजही चालू आहे. दुसऱ्या वाटेने हुकूम जातात: अमुक स्विच उघड, तमुक आवाज दोन पायऱ्यांनी चढव. ही बहुधा आय-टू-सी नावाची दोन तारांची वाट, तीही फिलिप्सचीच. कोडेकच्या पोटात या हुकुमांसाठी रजिस्टर नावाचे क्रमांक दिलेले कप्पे असतात. कोणत्या कप्प्यात कोणता आकडा टाकला म्हणजे काय घडते, हे जाणणे म्हणजे ड्रायव्हर लिहिणाऱ्याचे अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे काम पुरवठ्याचे. गाण्याचे आकडे प्रोसेसरने एकेक करून कोडेकच्या हातावर ठेवायचे ठरविले, तर त्याला दुसरे काही सुचणार नाही. यासाठी जी युक्ती योजतात ती आपल्याकडील रहाटगाडग्याची आठवण करून देणारी आहे. स्मरणस्थानात म्हणजे मेमरीत एक गोलाकार साठा करतात. एका बाजूने गाण्याचा कार्यक्रम गाडगी भरीत जातो. दुसऱ्या बाजूने डीएमए नावाचा स्वतंत्र नोकर ती कोडेकच्या दिशेने रिकामी करीत जातो. एक गाडगे रिते झाले की तो प्रोसेसरला हाक मारतो, “पुढचे भरा!” एका गाडग्यात १,०२४ मोजण्या धरल्या तर ते सेकंदाच्या सुमारे सत्तेचाळिसाव्या भागात रिकामे होते. भरणाऱ्याला उशीर झाला की रिते गाडगे वर येते आणि आपल्याला आवाजात ‘खर्र’ असा तुटका ऐकू येतो. मग गाडगी मोठी आणि पुष्कळ का ठेवू नयेत? ठेवता येतात, पण भरल्यापासून ओतेपर्यंतचा वेळ वाढतो. गाणे ऐकताना त्याचे काही वाटत नाही, संभाषणात मात्र आपले शब्द पलीकडे उशिरा पोचतात आणि दोघेही एकदम बोलू लागतात. ड्रायव्हर बांधणाराला ही तारेवरची कसरत नेहमीच करावी लागते.

आता थोडा इतिहास. हेलसिंकी येथे शिकत असलेल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या तरुणाने १९९१ साली लिनक्स प्रणाली जगासमोर ठेवली. पुढे तिने जीपीएल नावाचा परवाना स्वीकारला. त्याचा मथितार्थ असा की, ही प्रणाली कोणीही वापरावी, बदलावी, विकावीसुद्धा. परंतु बदललेली प्रणाली ज्याच्या हाती द्याल त्याला तिचा मूळ लेख, म्हणजे सोर्स, मागताच दिला पाहिजे. ही अट केवळ कागदावरची नाही. जर्मनीतील हेराल्ड वेल्टे यांनी २००४ साली म्युनिकच्या न्यायालयातून ती अंमलात आणवून दाखविली. लिनक्समधील ध्वनीच्या ज्या व्यवस्थेला आल्सा म्हणतात, तिचे काम यारोस्लाव किसेला या झेक अभियंत्याने १९९८ साली सुरू केले आणि २००३ च्या डिसेंबरात बाहेर पडलेल्या लिनक्स २.६ बरोबर ती सर्वत्र पोचली.

आल्सा घडली ती मेजावरच्या संगणकासाठी. तेथे ध्वनीचे कार्ड एक संपूर्ण वस्तू असते: विकत आणा, खोचा, ड्रायव्हर लावा. हातातल्या फोनची गोष्ट निराळी. त्यात प्रोसेसर एका कंपनीचा, कोडेक दुसरीचा, आवाज वाढविणारी चिप तिसरीची, आणि या सर्वांना एका पट्टीवर बसवून तारा जोडणारी कंपनी चौथी. आरंभी लोक प्रत्येक जोडीसाठी नवा ड्रायव्हर लिहीत. एडिंबरोच्या वोल्फसन कंपनीची डब्ल्यूएम ८७३१ ही एकच कोडेक चिप. पण चार निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी तिचे चार निरनिराळे ड्रायव्हर लिनक्समध्ये नांदत होते! एकाच्या लेखनातली चूक सुधारली तरी बाकीच्या तिघांतली तशीच राही.

यावर वोल्फसनमधीलच लिअम गर्डवुड आणि त्यांचे सहकारी यांनी तोड काढली. ती एसॉक या नावाने ओळखली जाते आणि २००७ साली ती मूळ लिनक्समध्ये सामील झाली. तिचे तत्त्व आमच्या मते कोणत्याही सार्वजनिक कामाला लागू पडावे असे आहे. ड्रायव्हरचे तीन तुकडे करा. पहिला कोडेकचा: त्याला केवळ आपल्या चिपेचे कप्पे ठाऊक, प्रोसेसर कोण आहे याची त्याला वार्ताही नको. दुसरा प्रोसेसरचा: त्याने रहाटगाडगे चालवावे आणि आकडे तारेवर सोडावेत, पलीकडे कोण बसले आहे याची चौकशी करू नये. तिसरा तुकडा त्या विशिष्ट फोनचा, ज्याला ‘मशीन’ म्हणतात: कोणती तार कोठे जोडली आहे, स्पीकर कोडेकच्या कोणत्या पायावर आहे, कानाची वायर खोचल्याचे कसे कळते, एवढेच त्याने सांगावे. पहिले दोन तुकडे एकदाच लिहायचे आणि शेकडो फोनांनी वापरायचे. प्रत्येक फोनसाठी नव्याने लिहायचा तो तिसरा, आणि तो बहुधा लहान असतो. अलीकडे तर त्याचा बराच भाग कार्यक्रमाऐवजी साध्या वर्णनाच्या फायलीत लिहून भागते.

या व्यवस्थेत वीज वाचविण्याची एक सुरेख सोय आहे. कालव्यावरचा पाटकरी ज्या शेताची पाळी असेल तेवढेच दार उघडतो. तसे ही सोय आवाज कोठून निघून कोठे जायचा आहे ते पाहते आणि त्या वाटेवरचेच भाग जागे करते. गाणे स्पीकरवर चालू असेल तर मायक्रोफोनची बाजू झोपलेली असते. शिवाय ती भाग जागे करण्याचा क्रम सांभाळते. आवाज वाढविणारा भाग आधी आणि मागचे भाग नंतर चालू झाले, तर कानात ‘टप्प’ असा धक्का बसतो. चांगल्या फोनमध्ये तो ऐकू येत नाही, याचे श्रेय कोणा अज्ञात पाटकऱ्याला आहे.

हे सारे प्रत्यक्षात कसे उतरले याचे एक बोलके उदाहरण आहे. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी हातातल्या फोनवरून पहिले संभाषण केले ते १९७३ साली. त्या सालाचे नाव घेऊन ‘निओ १९७३’ हा फोन २००७ च्या जुलैत ओपनमोको या प्रकल्पातून बाहेर पडला. तो तैवानात बनत असे, आणि फोनमधील जितके खुले करता येईल तितके खुले ठेवावे ही त्यामागील प्रतिज्ञा होती. प्रोसेसर सॅमसंगचा, कोडेक वोल्फसनची डब्ल्यूएम ८७५३. या कोडेकला दोन तोंडे होती: एक संगीतासाठी, दुसरे बोलण्यासाठी. गाणे लावले की आकडे प्रोसेसरकडून कोडेककडे, तेथून आवाज वाढविणाऱ्या चिपेकडे आणि मग स्पीकरकडे जात. फोन आला म्हणजे चित्र पालटे. मनोऱ्याशी बोलणारा मोडेम हा वेगळाच भाग. त्याचा आवाज थेट कोडेकमध्ये शिरे आणि तेथूनच कानाकडे वळे. प्रोसेसरला मध्ये पडण्याचे कारणच नसे. बिनतारी कर्णयंत्र लावले की तिसरी वाट. म्हणजे आवाज तोच, पण प्रसंग बदलला की दारे बदलायची. यासाठी ‘हातात धरून बोलणे’, ‘कानाची वायर’, ‘मोठ्याने ऐकणे’ अशा प्रत्येक प्रसंगाची मांडणी फायलीत लिहून ठेवीत; आजच्या आल्सामध्येही प्रसंगवार फायलींची अशीच व्यवस्था आहे.

पुढल्या वर्षी, २००८ साली, त्याच कुळातला ‘फ्रीरनर’ निघाला, आणि त्याने खुल्या लेखनाच्या मर्यादाही शिकविल्या. पुष्कळांच्या फोनवर पलीकडच्या माणसाला गुणगुण ऐकू येई. याचे कारण लेखनात नव्हते. त्या जाळ्यात फोनचा प्रक्षेपक सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद होतो, आणि त्या धक्क्यांचा अंश मायक्रोफोनच्या तारेत शिरत होता. रेडिओजवळ फोन ठेवला असता येणारी घरघर अनेकांनी ऐकली असेल, तीच ही. त्यावर उपाय झाला तो डाग देण्याच्या कढईने, सुटे भाग जोडून. जे विजेच्या मांडणीत चुकले ते नुसत्या अक्षरांनी सुधारत नाही, हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याने नम्रपणे ध्यानात ठेवावे.

या गोष्टीचा शेवटही सांगण्याजोगा आहे. २०२३ साली त्या जुन्या प्रोसेसराच्या कुळाचा आधार लिनक्समधून काढून टाकण्यात आला. त्याबरोबर निओचा तिसरा तुकडाही गेला. पण कोडेकचा तुकडा त्यासाठी मोडावा लागला नाही. तो स्वतंत्र होता, म्हणून टिकला. तुकडे वेगळे ठेवण्याचे मोल ते हे.

आता आमच्या मुक्या फोनकडे वळू. तो अँड्रॉइडचा होता, आणि अँड्रॉइडच्या तळाशीही लिनक्सच असते. मग आवाज का नव्हता? कंपनीने लिनक्सची एक जुनी आवृत्ती घेतली, तिच्यात आपल्या फोनपुरते बदल केले, आणि ते मूळ प्रवाहात परत आणून सोडले नाहीत. फोन विकला जात होता तोवर सारे ठीक. पुढे कंपनीचे लक्ष नव्या मालाकडे गेले आणि ती फांदी खोडापासून तुटून वाळली. सुदैवाने परवान्याच्या अटीमुळे तिचा मूळ लेख उपलब्ध होता. आम्ही रात्री जागून तो वाचला. कोडेकचा पहिला तुकडा आणि प्रोसेसरचा दुसरा तुकडा मूळ लिनक्समध्ये अगोदरच तयार होते. कोणीतरी, कोठेतरी, दुसऱ्याच फोनसाठी ते लिहून ठेवले होते. उणीव होती ती तिसऱ्याची. स्पीकरजवळच्या वर्धक चिपेला जागे करणारी एक तार होती, आणि तिचा उल्लेख वर्णनात कोठेच नव्हता. पाणी शेताच्या बांधापर्यंत येत होते; शेवटचे दार बंद होते!

त्या ओळी लिहिल्या, आणि पहिला आवाज आला तो स्पीकरमधून नव्हे, तर कानाशी धरायच्या बारीक छिद्रातून. आणखी दोन दिवसांनी स्पीकर वाजला. तेव्हा घरात जो आनंद झाला त्याचे वर्णन करणे नको. सांगायची गोष्ट एवढीच की, आवाज आम्ही मुद्दाम बेताचा ठेवला. फोनचा स्पीकर नखाएवढा. त्याच्यावर भलता जोर दिला तर आतली तार तापून जळते. कित्येक नव्या फोनांत वर्धक चिपच ती उष्णता अजमावून जोर आवरते; पण तिला योग्य आकडे पुरवावे लागतात. खुले लेखन म्हणजे बेफिकिरी नव्हे. येथे चुकीला धूर आहे.

आणि एक उणीव अद्याप उरली आहे. त्या फोनवर गाणे लागते, पण संभाषणाचा आवाज येत नाही. त्याच्या मोडेमचा आवाज एका वेगळ्या लहान प्रोसेसरातून जातो, आणि त्याच्यात चालणारा कार्यक्रम कंपनीने कुलूपबंद ठेवला आहे. परवान्याची अट तेथवर पोचत नाही. बाहेरून त्याच्याशी कसे बोलावे हे अनेक फोनांच्या बाबतीत लोकांनी शोधून लिहिले आहे. आमच्या फोनचे ते काम कोणी केलेले नाही. अशा आतल्या कार्यक्रमांसाठीही खुली वाट असू शकते हे २०१८ साली इंटेलने पुढाकार घेतलेल्या ‘साउंड ओपन फर्मवेअर’ या प्रकल्पाने दाखविले आहे. परंतु ती फोनांच्या दुनियेत सार्वत्रिक झालेली नाही. तेव्हा खुलेपणा हा दिवा नसून जिना आहे. दिवा एकतर लागतो नाही तर लागत नाही, जिन्यावर मात्र पायरीपायरीने चढावे लागते.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, कंपन्यांनी आपले लेखन फुकट का वाटावे? त्याचे उत्तर वोल्फसनच्या उदाहरणातच आहे. ती कंपनी लेखन विकत नव्हती, चिपा विकत होती. आणि ज्या चिपेचा ड्रायव्हर मूळ लिनक्समध्ये तयार आहे ती निवडणे फोन बनविणाराला सोयीचे पडते. लेखन दिल्याने माल खपतो, आणि ते सांभाळण्याचा भार अनेकांत वाटला जातो. दुसरा आक्षेप असा की, आम्हा सामान्यांना याचे काय? आमचे म्हणणे असे की, ज्या यंत्राला मायक्रोफोन आहे आणि जे रात्रंदिवस आपल्या उशाशी असते, त्याच्या आवाजाची दारे कोण, केव्हा उघडतो हे तपासण्याची सोय समाजात कोणाकडे तरी असली पाहिजे. आपण स्वतः जमाखर्च तपासीत नाही. पण संस्थेच्या वह्या सभासदांना खुल्या असाव्यात असा आग्रह धरतोच ना? आणि दुसरे म्हणजे, शाबूत काच आणि शाबूत स्पीकर असलेली वस्तू केवळ चार ओळींवाचून कचऱ्यात जाऊ नये.

हे काम परक्यांचेच आहे असेही समजू नये. लिनक्समधील ध्वनीविभागाचा सांभाळ जपानी नावाचे ताकाशी इवाई आणि ब्रिटनचे मार्क ब्राउन यांच्यासारखी मंडळी करतात; त्याच यादीत विनोद कौल हे भारतीय नावही आहे, आणि दाबून लहान केलेला ध्वनी थेट चिपेकडे सोपविण्याची व्यवस्था रचण्यात त्यांचा हात आहे. तेथे कोणाच्याही शिफारसपत्राची गरज पडत नाही. लिहिलेल्या ओळी उघडपणे पाठवाव्या लागतात, जाणकार त्यांतल्या चुका चारचौघांत दाखवितात, त्या सुधारून पुन्हा पाठवाव्या लागतात. नवख्याला हे थोडे झोंबते. पण आपल्या जुन्या शास्त्रसभांत तरी याहून निराळे काय होते?

म्हणून आमची एक सूचना आहे. गावोगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत वर्षाअखेर विद्यार्थी प्रकल्प करतात आणि त्यांची बाडे कपाटात धूळ खात पडतात. त्याऐवजी चौघांनी मिळून घरातला एक जुना फोन घ्यावा, त्याचा तिसरा तुकडा लिहावा, आणि तो मूळ प्रवाहात दाखल होईपर्यंत पिच्छा सोडू नये. त्या लेखनाचा उपयोग तसाच फोन बाळगणाऱ्या, कधीही न भेटणाऱ्या माणसांना होईल.

आमचा तो फोन सध्या स्वयंपाकघरातल्या फळीवर उभा असतो. त्यावर कोणाशी बोलता येत नाही. परंतु सकाळी घरची वडील माणसे त्यावर आकाशवाणी ऐकतात. आवाज अजून थोडा बारीक आहे अशी त्यांची तक्रार आहे. ती आम्ही नोंदवून घेतली आहे.